एम.ए. इंग्लिशची आखणी चौथ्या सेमिस्टरपासून करा

एम.ए. इंग्लिशला प्रवेश मिळाला की बहुतेक विद्यार्थी पहिल्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम डाउनलोड करतात आणि चॉसरच्या नोट्स शोधायला लागतात. मी त्यांना आधी चौथ्या सेमिस्टरचं पान उघडायला सांगते, कारण शेवटी कुठे पोचायचं ते कळलं की सुरुवात कशी करायची तेही कळतं.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. पहिल्या वर्षी संशोधन पद्धतीचा पेपर असतो, शिवाय ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट करावा लागतो. दुसऱ्या वर्षी रिसर्च प्रोजेक्ट येतो. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात तर पीजी डिप्लोमा मिळतो. ही रचना कागदावर सुटी सुटी दिसते, पण तिचा खरा उपयोग होतो तो हे सगळं एकाच प्रश्नाभोवती गुंफलं तर. तो प्रश्न दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत हाती असावा. नाहीतर तिसऱ्या सेमिस्टरला मार्गदर्शक विषय विचारतात आणि आपण आदल्या बॅचचा विषय कादंबरीचं नाव बदलून पुढे करतो.

प्रश्न कसा सापडतो, ते माझ्यावरून सांगते. वर्गात अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ शिकवली जात होती. १९७६ साली आलेल्या या इंग्रजी संग्रहाला पुढच्याच वर्षी राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. संदर्भासाठी वाचलेल्या बऱ्याच इंग्रजी लेखांत कोलटकरांच्या मराठी कवितेचा नुसता उल्लेख होता, चर्चा नव्हती. मी मराठी माध्यमातून आलेली. ती कविता मला सरळ वाचता येत होती आणि इंग्रजी ‘जेजुरी’शेजारी ठेवून बघावीशी वाटत होती. ‘कोलटकरांची कविता’ हा झाला विषय. ‘देवळात पोचूनही कवितेतला बोलणारा माणूस पूजेपासून लांब का राहतो?’ हा झाला प्रश्न. विषयावर कितीही पानं भरता येतात, प्रश्नाला मात्र उत्तर द्यावं लागतं. तालुक्याच्या गावातून येणाऱ्या मुलामुलींना मी हे मुद्दाम सांगते, कारण आपलं इंग्रजी कच्चं आहे या भीतीत ती दोन वर्षं काढतात. मराठी, अहिराणी, कोकणी येत असेल तर त्या भाषेतलं साहित्य तुम्ही मुळातून वाचू शकता. फक्त इंग्रजी येणाऱ्या संशोधकाला ते जमत नाही.

एकदा प्रश्न ठरला की इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक पेपर, निवडणं सोपं जातं. भाषांतराचा पेपर घ्यायचा की भाषाविज्ञानाचा, याचं उत्तर मैत्रीण काय घेतेय यावर अवलंबून राहत नाही. फील्ड प्रोजेक्टही त्याच दिशेचा घ्या. वाचनासाठी कॉलेजच्या ग्रंथालयात एन-लिस्टचा, म्हणजे ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं वाचायला देणाऱ्या सेवेचा, लॉगिन मागा. तो असतो हेच अनेकांना माहीत नसतं. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर आपल्या विषयावरचे जुने प्रबंध मोफत वाचता येतात. आणि गाइडं वाचून पास होता येतं हे खरं असलं, तरी मूळ संहिता वाचा. नेट या प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या प्रश्नांत उतारे येतात, तिथे गाइडातला सारांश उपयोगी पडत नाही.

आता नेट आणि तिच्यासारखीच राज्य पातळीवरची सेट. दोन्हींचा साचा सारखाच: सगळ्यांना सारखा असलेला पहिला पेपर ५० प्रश्नांचा नि १०० गुणांचा, आपल्या विषयाचा दुसरा १०० प्रश्नांचा नि २०० गुणांचा, वेळ एकूण तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. नेटला एम.ए.च्या शेवटच्या वर्षात असतानाही बसता येतं, तेव्हा बसाच. इंग्लिशवाले दुसऱ्या पेपरात रमतात आणि पहिल्या पेपरातल्या तक्त्यांवरच्या नि तर्कावरच्या प्रश्नांत गुण घालवतात. पहिल्या पेपरासाठी रोज थोडा वेळ बाजूला काढा. दुसऱ्या पेपराच्या दहा घटकांत संशोधन पद्धती आणि भारतातील इंग्रजी हेही आहेत, म्हणजे प्रोजेक्टसाठी केलेलं वाचन इथेही कामाला येतं. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत दरमहा ३७,००० रुपये मिळतात. घरून पैसे मागवणं शक्य नसलेल्या मुलीसाठी संशोधन करता येईल की नाही, हे त्यावर ठरतं. एम.फिल. २०२२च्या नियमांनंतर बंद झालं, त्यामुळे पीएच.डी.च्या आधीचा तो टप्पा आता नाही.

सेट झालं की नोकरी लागली, असं मात्र समजू नका. पात्र असलेले कितीतरी जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवताहेत. मीही शिकवलं आहे. मानधन उशिरा येतं, सुटीत येत नाही. हे प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवं असं मला वाटतं, म्हणजे घरच्यांशी नीट बोलता येतं आणि दुसरी वाटही खुली ठेवता येते. ज्युनिअर कॉलेजात शिकवायचं तर एम.ए.सोबत बी.एड. लागतं. ते दोन वर्षांचं असतं, आणि त्याच्या सीईटीचे, म्हणजे प्रवेश परीक्षेचे, अर्ज एम.ए.चा शेवटचा निकाल लागण्याच्या बरेच आधी भरावे लागतात. म्हणून तिसरं सेमिस्टर सुरू झालं की राज्याच्या सीईटी सेलचं संकेतस्थळ अधूनमधून बघत जा.