मंगळवारी रात्री साडेआठचा सोबा

टोकियोत नवीन आलेल्या मराठी माणसाची पहिली खरेदी आता मला पाठ झाली आहे. निशी-कासाईच्या भारतीय दुकानातून तूरडाळ, पोहे, कणीक, हिंग. कुकर तर पुण्याहून बॅगेतच आलेला असतो. रविवारी साग्रसंगीत स्वयंपाक होतो, सोमवारी तोच गरम करून. मंगळवारी रात्री साडेआठला तोझाई लाइनच्या मेट्रोतल्या गर्दीतून पिळून बाहेर पडल्यावर मात्र कणीक मळायचं कुणाच्या जिवावर येत नाही? मग कोंबिनीतला, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातला थंड ओनिगिरी (भाताचा गोळा) नाहीतर कपातले नूडल्स. दोन-तीन महिने असे निघतात, मग पित्त उठतं आणि फोनवर आईची बोलणी सुरू होतात.

मी २०१२ साली आले, एकटीच, आणि यातून गेले. म्हणून मंगळवारपुरतं सांगते. घरी दमून आलो की आपण खिचडी टाकतो ना, ती जागा इथे सोब्याला द्या. पाणी चढवल्यापासून वाडगा हातात येईपर्यंत वीस मिनिटं, एक पातेलं, एक शेगडी. इथल्या छोट्या घरात बहुतेकांच्या नशिबी तेवढीच असते.

सोबा म्हणजे उत्तर भारतात उपासाला खातात त्या कुट्टूच्या शेवया. आपल्याकडे राजगिरा, शिंगाडा आणि वरी असल्यामुळे कुट्टूशी आपली फारशी ओळख नाही. हे गव्हातांदळासारखं तृणधान्य नव्हे, दुसऱ्याच कुळातल्या झाडाचं तीनधारी बी आहे. चव किंचित मातकट, भाजक्या वासाची. पहिल्या घासाला फार आवडणार नाही, पाचव्या-सहाव्या वेळी त्याच्याशिवाय चुकल्यासारखं वाटेल. लगेच विचाराल म्हणून सांगते, एकादशीला तो चालत नाही. का ते पाकीटच सांगेल.

पाकीट वाचायला शिका, जपानी येत नसलं तरी. नुसत्या कुट्टूच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून बहुतेक सोब्यात गव्हाचं पीठ घालतात. घटकांच्या यादीत जे जास्त, ते आधी लिहितात. गव्हाचं पीठ म्हणजे ‘कोमुगिको’. त्याचं पहिलं अक्षर म्हणजे मधे उभा दांडा, त्याला खाली आकडी, दोन्ही बाजूंना एकेक फटकारा. ते अक्षर यादीत सगळ्यात आधी दिसलं, तर तुमच्या हातात सोब्याचा रंग लागलेल्या गव्हाच्या शेवया आहेत. ‘सोबाको’, म्हणजे कुट्टूचं पीठ, आधी हवं. पाकिटावर मोठ्या अक्षरात दोन आडव्या रेघा आणि शेजारी छपरासारखे दोन तिरके फटकारे असतील तर ते ‘निहाची’, म्हणजे दोन-आठ: दोन भाग गहू, आठ भाग कुट्टू. रोजच्या खाण्याला हाच उत्तम. आणि जिथे चक्क अधिकचं चिन्ह दिसेल तो शंभर टक्के कुट्टूचा. त्याचं नाव ऐकून मी दुकानातच हसले होते: ‘जुवारी’. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, मग भाकरी का नाही करत? जुवारी महाग असतो, उकळताना तुटतो आणि हात बसलेला नसेल तर हिरमोड करतो. सुरुवात निहाचीपासून करा.

‘याकिसोबा’ नावाला भुलू नका, त्यात कुट्टू औषधालाही नसतो. त्या गव्हाच्याच नूडल्स. ओकिनावा सोब्याचंही तेच.

आता माझी फजिती. पहिल्या महिन्यात मी सोब्याचं उपीट केलं. शेवयांचं करतो तसंच: मोहरी, कढीपत्ता, कांदा, वरून आधणाचं पाणी, त्यात मोडलेला कोरडा सोबा, झाकण. झाकण उघडलं तर कढईत पोस्टर चिकटवायची खळ तयार. कारण साधं आहे. सोब्याच्या अंगावरचं पीठ पाण्यात उतरतं, आणि ते पाणी टाकून द्यायला जागा नसेल तर तेच आटून लगदा होतो. त्यामुळे सोब्याला पाणी भरपूर लागतं, शंभर ग्रॅमला निदान एक लिटर. मीठ घालायचं नाही, तेलही नाही.

पाणी खळखळून उकळलं की सोबा पसरून सोडायचा आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात चॉपस्टिकने एकदाच हलकं ढवळायचं. जास्त ढवळलं की तुकडे होतात. वाळलेल्या सोब्याला साधारण चार ते सहा मिनिटं लागतात, फ्रिजमधल्या ताज्याला एक-दोन. नेमका आकडा पाकिटावर असतो. फेस वर आला की जुन्या पद्धतीत त्यात पेलाभर गार पाणी ओततात, त्याला ‘बिक्कुरी मिझु’ म्हणतात, म्हणजे दचकवणारं पाणी. आपण दूध उतू जाताना पाण्याचा शिंतोडा मारतो तसंच. आता आच कमी-जास्त करता येते, त्यामुळे आच एक खूण कमी केली तरी भागतं.

आणि मग ते काम, जे नवे लोक हमखास टाळतात: धुणं. उकडलेला सोबा चाळणीत ओतून नळाखाली दोन्ही हातांनी चोळून धुवायचा, साबुदाणा धुतो त्याहून जरा जोरात. बोटांना आधी बुळबुळीत लागतं, मग एका क्षणी शेवया करकरीत लागायला लागतात. तिथे थांबायचं. ऑगस्टमध्ये टोकियोच्या नळाला कोमट पाणी येतं, तेव्हा शेवटी बर्फाचं पाणी हवंच. गरम खायचा असला तरी आधी धुवायचा आणि मग पुन्हा उकळत्या पाण्यातून काढायचा. हे मला इथल्या शेजारच्या आजींनी माझ्या सिंकपाशी उभं राहून करून दाखवलं. तोवर मी वर्षभर न धुता खात होते आणि सोबा असाच गिळगिळीत असतो असं समजत होते.

उकळलेलं पाणी फेकू नका. त्याला ‘सोबायु’ म्हणतात. पांढरट, दाटसर, थेट भाताच्या पेजेची बहीण. खाऊन झाल्यावर वाटीत उरलेल्या रसात ते ओतून पितात. हिवाळ्यात या एका गोष्टीसाठी मी सोबा करते.

रस म्हणजे ‘त्सुयू’. बाटलीत तयार मिळतो, पण बहुतेक सगळ्यांत कात्सुओ, म्हणजे वाळवलेला मासा असतो. मासे खाणाऱ्यांनी खुशाल आणावा. बाटलीवर दुप्पट, तिप्पट, चौपट असा दाटपणा लिहिलेला असतो. तिप्पट असेल तर बुडवून खायला एकाला दोन भाग पाणी आणि गरम रश्शाला एकाला पाच-सहा भाग, असं धरून चला. नीट प्रमाण बाटलीच्या मागे चित्रात दाखवलेलं असतं. शाकाहारी मंडळींनी एक सापळा ओळखून ठेवा. ‘कोंबू त्सुयू’ लिहिलेल्या बाटलीत समुद्री शेवाळाबरोबर पुष्कळदा मासाही असतो. पुढचं नाव वाचून विश्वास टाकू नका, फोनचा कॅमेरा मागच्या यादीवर धरा.

त्यापेक्षा घरीच करा, यात कष्ट नाहीत. रात्री झोपताना एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम कोंबूचा (त्याच समुद्री शेवाळाचा) तुकडा आणि दोन-तीन वाळलेले शिइताके, म्हणजे मशरूम, टाकून बाटली फ्रिजच्या दारात ठेवायची. सकाळी दाशी, म्हणजे रश्शाचं मूळ पाणी, तयार. दोन-तीन दिवस टिकते. कोंबू गावावरून ओळखतात: रोजच्यासाठी हिदाकाचा परवडतो, रिशिरीचा पाहुण्यांसाठी ठेवा. थंड रसासाठी चार भाग दाशी, एक भाग शोयू (सोया सॉस), एक भाग मिरिन (स्वयंपाकातलं गोड मद्य), आणि गरम रश्शासाठी दाशी आठ भाग. एक उकळी काढायची की झालं. खऱ्या मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के मद्य असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी मिरिनच्या जागी थोडी साखर घालावी, चव थोडी वेगळी येते पण अडत नाही.

वर काय घालायचं, हे ऋतूवर आणि सुपरमार्केटवर. रात्री आठनंतर तळणाच्या काउंटरवर निम्म्या किमतीचे स्टिकर लागतात. तिथून ‘काकिआगे’ उचला. पातळ चिरलेला कांदा आणि गाजर एकत्र धरून तळलेलं, अगदी आपल्या खेकडा भजीचं भावंड. रश्शात अर्धं भिजलेलं आणि अर्धं कुरकुरीत असताना खायचं. मात्र त्यात पुष्कळदा बारीक कोळंबी असते, न खाणाऱ्यांनी विचारून घ्या. त्यांच्यासाठी ‘आबुरागे’ आहे, तळलेल्या टोफूची पातळ चादर. उकळत्या पाण्यातून काढून वरचं तेल घालवायचं, मग शोयू, साखर आणि दाशीत दहा मिनिटं शिजवायची. ही घातली की तो ‘कित्सुने’, म्हणजे कोल्हा सोबा. नुसता तळणीचा चुरा घातला की टोकियोत ‘तानुकी’. ओसाकाला बदली झाली तर तिथे तानुकी मागितल्यावर आबुरागेच समोर येईल, गोंधळू नका. फ्रीझरमधला चिरलेला पालक आणि वाळलेलं वाकामे, हेही एक समुद्री शेवाळ, घरात कायम असू द्या. वाकामे चमचाभरच घ्या, पाण्यात भसाभस फुगतं.

उन्हाळ्यात माझ्या घरी आठवड्यातून दोनदा मुळा-सोबा होतो. इथे त्याला ‘ओरोशी सोबा’ म्हणतात, फुकुईकडचा तर प्रसिद्ध आहे. थंड सोब्यावर किसलेला दाइकोन, वर त्सुयू. दाइकोनचं खालचं टोक किसलं तर नाकात जाईल इतकं तिखट लागतं, पानांकडचा भाग गोडसर. मुळ्याची कोशिंबीर आवडणाऱ्या माणसाला हा पदार्थ समजावून सांगावा लागत नाही. भेंडीही इथे थंड सोब्यावर घालतात, मुद्दाम बुळबुळीत ठेवून. तो बुळबुळीतपणा घालवायला आपल्या आयांनी जन्मभर चिंच-आमसूल घातलं, तोच हे लोक चवीनं खातात. मला अजून जमलेलं नाही.

आणि फोडणी? घाला, पण आधी महिनाभर जसा खातात तसा खा. नंतर माझा हा प्रकार करा: दोन चमचे दाण्याचं कूट, एक चमचा तिळाची पेस्ट, एक चमचा शोयू, लिंबू, चिमूट साखर, अर्धा चमचा कोरडी लसणाची चटणी, पातळ करायला दाशी. धुतलेला गार सोबा त्यात बुडवून खायचा. वरून मोहरी-कढीपत्त्याची चमचाभर फोडणी. गोडा मसाला मात्र नको, तो सोब्याचा वास पार गाडून टाकतो.

‘झारू सोबा’ हे नाव मेनूवर दिसेल. झारू म्हणजे आपली रोळी, झारा नव्हे. थंड सोबा बांबूच्या रोळीवर वाढतात, पाणी निथळायला. खाताना आवाज झाला तर लाजू नका, इथे भुरका मारणंच रीतीला धरून आहे. ताकाच्या कढीला आपण हेच करतो.

आता एक गोष्ट गमतीत न घेण्याची. कुट्टूची ॲलर्जी असणाऱ्यांना तिचा त्रास जोराचा होतो, अगदी जिवावर बेतण्याइतका. म्हणूनच जपानमध्ये पाकिटावर सोब्याचा उल्लेख सक्तीचा आहे. आपल्यातल्या बहुतेकांनी कुट्टू कधी खाल्लेलाच नसतो, त्यामुळे आपल्याला चालतो की नाही हे माहीत नसतं. पहिल्यांदा खाताना, आणि मुलांना देताना तर नक्कीच, थोडाच द्या आणि दवाखाने उघडे असतील अशा वेळी द्या. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, श्वासाला त्रास झाला तर वाट न बघता ११९ ला, म्हणजे रुग्णवाहिकेला, फोन. दुसऱ्याच्या मुलाला विचारल्याशिवाय वाढू नका. ज्या पाण्यात सोबा उकळला त्यात त्याचा उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, उकळू नका. कुट्टूच्या टरफलांनी भरलेल्या उशाही इथे मिळतात, ॲलर्जी असेल तर त्याही दूर ठेवा.

घर बदललंत की अजून एक उपयोग. एदो काळापासून, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षांपासून, इथे नवीन राहायला आलेला माणूस शेजाऱ्यांना ‘हिक्कोशी सोबा’ वाटायचा. जपानीत ‘सोबा’ म्हणजे ‘जवळ’ही, म्हणजे मी तुमच्या जवळ राहायला आलोय अशी शब्दाची कोटी. आता बहुतेक लोक टॉवेल नाहीतर बिस्किटं देतात, किंवा काहीच देत नाहीत. मी दोन्ही बाजूंच्या दारांवर वाळलेल्या निहाचीचं एकेक पाकीट घेऊन गेले होते. डावीकडच्यांनी वाकून घेतलं आणि दार लावलं. उजवीकडच्या आजी पाकीट हातात घेऊन खूप वेळ हसल्या, म्हणाल्या, हे कुणी मला चाळीस वर्षांत दिलं नव्हतं. सिंकपाशी उभ्या राहिल्या त्या याच आजी.

उकडलेला सोबा उरवू नका, तासाभरात त्याचा गोळा होतो. माणशी शंभर ग्रॅम कोरडा पुरतो, वाळलेल्या पाकिटात बहुधा तेवढ्याच्या जुड्या बांधलेल्या असतात. तरी उरलाच तर सकाळी बारीक चिरून त्यात बेसन, कांदा, ओवा, तिखट घालून तव्यावर थापा आणि मधे भोक पाडून तेल सोडा. थालीपीठ म्हणता येईल की नाही यावर आमच्या घरी वाद आहे, पण डब्यात नेलेलं कधी परत आलेलं नाही.