एक्स्टर्नल ड्राइव्हवरची सिस्टम इमेज रिस्टोअरला सापडत नव्हती: माझा अनुभव

सिस्टम इमेजवरून (म्हणजे अख्ख्या सिस्टमच्या बॅकअप प्रतीवरून) विंडोज १० रिस्टोअर करताना ‘सिस्टम इमेज सापडत नाही’ एवढंच येत होतं. ड्राइव्ह मात्र दिसत होती. पुण्याच्या तपकीर गल्लीतून नवी केबल आणली, पोर्ट बदलले. दोन रात्री वाया.

घोळ माझाच. आवराआवरीच्या नादात मी इमेज असलेला ‘विंडोजइमेजबॅकअप’ (WindowsImageBackup) फोल्डर ‘घरचं’ नावाच्या फोल्डरात टाकला होता. रिस्टोअर तो फक्त ड्राइव्हच्या मुळाशीच, म्हणजे दुसऱ्या कुठल्या फोल्डरात नसेल तरच, शोधतं.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर ड्राइव्ह जोडून तो कट-पेस्टने बाहेर, थेट ड्राइव्हवर आणला. नाव मूळ इंग्रजीच, मध्ये स्पेस नाही. आतल्या फोल्डरांना हात लावला नाही. ‘सेफली रिमूव्ह’ करून ड्राइव्ह काढली, बिघडलेल्या कॉम्प्युटरला यूएसबी हबशिवाय, थेट लावली, रिकव्हरी पेनड्राइव्हवरून बूट केलं. मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, सिस्टम इमेज रिकव्हरी. इमेज तारखेसकट समोर!