बुजवलेल्या चिरेखाणीवर घर बांधताय? आधी पाया कुठं पडतोय ते बघा

गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरीकडं कोणी स्वस्तात प्लॉट दाखवला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, इथं आधी चिरेखाण, म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे काढायची खाण, होती काय. चिरे काढून झाले की खड्डा उरतो, मग त्यात खाणीतलाच चुरा, मोडक्या घरांची माती, कौलांचे तुकडे, मिळेल ते ओततात आणि वर तांबडी माती पसरतात, दोन पावसाळ्यांत गवत आलं की कोणाला पत्ता पण लागत नाही. माझ्या चुलतभावाला नव्हताच लागला. त्याच्या घराची पुढची बाजू न कापलेल्या चिऱ्यावर आली आणि मागचं रांदपघर (स्वयंपाकघर) भरावावर, तिसऱ्या पावसात बरोबर त्या जोडावर भिंत फाटली, बोट जाईल एवढी. कंत्राटदार आधी म्हणायचा "कांय जायना हो", काही होत नाही. सगळं घर सारखं खचलं तर एकवेळ चालतं, अर्धं खचलं की ते फाटतंच.

तर पहिलं काम म्हणजे खाणीची कड नेमकी कुठून जाते ते शोधणं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, गुगल अर्थवर जुन्या वर्षांचे फोटो बघा, मग जेसीबी लावून खड्डे मारा. चिरेखाणीची भिंत सरळ उभी कापलेली असते, एका खड्ड्यात हातभरावर पक्का चिरा लागतो आणि दोन मीटर सोडून मारलेल्या खड्ड्यात नुसता भराव, म्हणून चार कोपरे बघून भागत नाही, मध्ये पण मारायचे आणि कड फक्कीनं जमिनीवर आखून ठेवायची. मूळ चिरा भोकाभोकांचा, एकसंध लागतो, त्याखाली बहुतेक पिवळट-पांढरट मऊ शेडी, म्हणजे चिकणमातीसारखा थर. भरावात रंग मिसळलेले असतात, प्लास्टिक, कौल, कुजकी मुळं सापडतात. आणि दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात माणूस उतरवू नका, भरावाची बाजू सांगून कोसळत नाही.

भराव खोल असेल तर सॉइल टेस्टिंगवाल्याकडून बोअर मारून घ्या, खर्च होतो पण तडे बुजवण्यापेक्षा कमीच. त्यात एसपीटी करतात, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमी वरून पाडून नळी ३० सेंमी आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. इथं एक गंमत आहे, भरावात मोठा चिऱ्याचा तुकडा नळीखाली आला की ठोके एकदम वाढतात आणि रिपोर्टात जमीन घट्ट दिसते, म्हणून एकच आकडा धरून बसू नका, खालीवरचे सगळे बघा आणि बोअर मूळ जमिनीत चांगला आत गेला पाहिजे. कोणी नुसती प्लेट लोड टेस्ट (जमिनीवर लोखंडी प्लेट ठेवून भार देऊन ती किती दबते ते बघणं) करून "जागा ओके" म्हणालं तर ऐकू नका, ती प्लेट छोटी, तिचा भार तिच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंतच पोचतो, पाच मीटर खालचा सैल भराव तिला काय कळणार.

आता उपाय. सगळ्यात स्वस्त म्हणजे घरच सरकवा, अख्खं न कापलेल्या चिऱ्यावर, आणि भरावाच्या बाजूला अंगण, माड, गाडी ठेवा. पण फुटिंग (खांबाखालचा रुंद पाया) अगदी कडेला टेकवू नका, ती उभी भिंत आहे आणि तिला पलीकडून टेकू फक्त सैल मातीचा, किती आत घ्यायचं ते इंजिनियरला ठरवू द्या. भराव दीड-दोन मीटरच असेल तर तो काढून फुटिंग खाली मूळ जमिनीवर न्या. त्याहून खोल असेल तर पाइल, म्हणजे जमिनीत खोल घातलेले काँक्रीटचे खांब, पण भराव अजून बसत असेल तर तो पाइलला धरून खाली ओढतो, डिझाइन करणाऱ्याला हे आधी सांगा. भराव उकरून परत भरून त्यावर राफ्ट (अख्ख्या घराखाली एकच सलग काँक्रीटचा पाया) घालायचा असेल तर २०-२५ सेंमीचे थर, प्रत्येक थराला बेताचं पाणी, रोलर आणि कॉम्पॅक्शनची, म्हणजे माती किती घट्ट दाबली गेली त्याची, टेस्ट. ट्रकनं ओतून वरून पाइपनं पाणी सोडलं की झालं, असं नसतं. मोठे तुकडे काढून टाका, त्यांच्यामध्ये पोकळी राहते आणि आपल्याकडं पावसात बारीक माती तिच्यात वाहून जाते, वरची जमीन बसत राहते.

हे मात्र बहुतेक जण विसरतात, खांब चांगले खोल गेले तरी आतली लादी भरावावरच असते. खांब हलत नाहीत आणि लादी मधोमध बसते, टाइल ठोकल्यावर पोकळ वाजते. तिथं जमिनीवर टेकलेली नको, प्लिंथ बीमवर (जोत्याच्या पातळीला खांब जोडणाऱ्या तुळईवर) बसणारी स्लॅब घाला. पोर्च किंवा गॅरेज भरावावरच येणार असेल तर घराला जोडू नका, मध्ये सांधा सोडा.

पाणी शेवटी सांगतोय पण त्रास सगळ्यात जास्त त्याचाच. बुजवलेली खाण म्हणजे बुडाला भोक नसलेली टाकी, पावसाचं पाणी आत मुरतं आणि बाहेर जायला वाट नसते, भराव भिजला की बसतो. म्हणून छपराचं पाणी पन्हाळीनं धरून लांब गटारात सोडा, आणि सोकपिट (शोषखड्डा) भरावाच्या बाजूला अजिबात नको. सांडपाण्याचा पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथं थोडा हलेल असा सांधा ठेवा, चुलतभावाचा पाइप तिथंच मोडला होता आणि आत वर्षभर पाणी झिरपत होतं.