बीव्हर टेरियर घरी आणताय? गोव्यात तरी या चुका टाळा

आमची शेवंती आता सात वर्षांची आहे, वजन तीन किलो, आणि फोंड्यात तिला घेऊन बाहेर पडलं की ठरलेला प्रश्न येतोच, "यॉर्की ना हे? मग पांढरं कसं?" यॉर्की नाही, बीव्हर टेरियर. जर्मनीच्या हुन्सरूक भागात वेर्नर आणि गेरट्रूड बीव्हर हे जोडपं यॉर्कशायर टेरियर पाळायचं, त्यांच्याकडे 20 जानेवारी 1984 ला एक पांढऱ्या ठिपक्यांचं पिल्लू जन्मलं, कारण तो पांढरा रंग देणारा जीन आईकडेही लपून होता आणि बापाकडेही. तिथून ही जात सुरू झाली. अमेरिकन केनल क्लबने मान्यता दिली ती तर अगदी 2021 मध्ये. आपल्याकडे फार कमी घरात दिसतं हे कुत्रं, त्यामुळे विचारायला माणूस सापडत नाही, आणि मग लोक व्हिडिओ बघून काहीतरी करून बसतात आणि नंतर मला फोन येतो. तेच तेच फोन, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून टाकते.

पहिली चूक विकत घेतानाच होते. "टीकप बीव्हर" असं काही नसतं. मोठं झालेलं बीव्हर साधारण 1.8 ते 3.6 किलोचं असतं, आणि त्याहून बारीक म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर तुम्ही अशक्त पिल्लाचे जास्त पैसे देताय. आई-बाप दोघांना बघा, निदान व्हिडिओवर तरी, आणि आठ आठवड्यांच्या आधी पिल्लू उचलू नका, मी तर दहा-बारा आठवडे थांबा म्हणते. लोकांना थांबायचं नसतं, मुलाचा वाढदिवस असतो नाहीतर चवथीला, म्हणजे गणपतीला, सगळे घरी येणार असतात. पिल्लाला त्या तारखेशी काय देणंघेणं?

आता ज्या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलते ती. पिल्लाला उपाशी ठेवणं.

माझ्या डिचोलीच्या मावसभावाने बेळगावहून पिल्लू आणलं, नऊ आठवड्यांचं, जेमतेम सातशे ग्रॅम. कोणीतरी त्याला सांगितलं की चोर्ला घाटात ओकेल, खायला देऊ नको. सकाळी सहाला निघाले, वाटेत दोनदा थांबले, घरी पोचले बारा वाजता, मग शेजारची सगळी पोरं जमली, याच्या हातातून त्याच्या हातात, फोटो, धावपळ, वाटीत खाणं ठेवलं होतं पण नवीन जागा, पिल्लाने तोंड लावलं नाही, आणि सगळे म्हणाले झोपू दे, दमलंय. पाच वाजता मला फोन, "ताई गो, पिल्लू मान टाकतंय, उठवलं तरी उठत नाही." मी विचारलं शेवटचं कधी खाल्लं, तर काल रात्री! मी म्हटलं घरात मध आहे ना, बोटाला लाव आणि हिरड्यांवर चोळ, तोंडात ओतू नको, गिळता आलं नाही तर फुप्फुसात जाईल, अंगाभोवती टॉवेल गुंडाळ आणि गाडी काढ. डॉक्टरकडे पोचेपर्यंत डोळे उघडले होते. तिथे रक्तातली साखर तपासली, मध लावल्यानंतरसुद्धा 60 च्या खाली. रात्रभर सलाईन. वाचलं बिचारं, पण ती रात्र आम्ही कोणी झोपलो नाही.

हे होतं कसं ते समजून घ्या. एवढ्याशा पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा नावालाच असतो, अंगावर चरबी नसते, स्नायू इवलेसे, त्यात प्रवास, थंडी, भीती, खेळ यात असलेली साखर भरभर खर्च होते. मोठं कुत्रं दिवसभर उपाशी राहिलं तरी काही होत नाही, हे पिल्लू सहा-आठ तासांत कोसळू शकतं. डोळे शून्यात लागणं, झोकांड्या, थरथर, हिरड्या पांढुरक्या, मग झटके, अशा क्रमाने जातं. लोक पहिल्या दोन गोष्टींना "दमलंय" म्हणतात.

माझी सवय सांगते. चार महिन्यांपर्यंत दिवसातून पाच वेळा खाणं, शेवटचं रात्री अकराला, पहिलं सकाळी सहाला. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पिल्लू ठेवायचं आणि कॅलेंडरवर आकडा लिहायचा, वजन दोन दिवस अडकलं की डॉक्टरांना फोन. मधाची छोटी बाटली पर्समध्ये, एक गाडीत. आणि मध लावून पिल्लू उठलं म्हणजे झालं असं नाही, लगेच खायला घालायचं आणि तरीही डॉक्टरकडे न्यायचं, कारण वारंवार साखर उतरत असेल तर जंत किंवा यकृताचा जन्मजात दोष असू शकतो, आणि तो तपासल्याशिवाय कळत नाही.

गोचीड. गोव्यात राहून गोचीडाचं औषध टाळता येत नाही, बारा महिने द्यावं लागतं. इथे लोक काय करतात, घरात लॅब्राडोर असतो, त्याची मानेवर लावायची ट्यूब आणलेली असते, तीच अर्धी लहान कुत्र्याला. अंदाजाने अर्धी! अहो, लॅब्राडोरची अर्धी म्हणजे तीन किलोच्या जिवाला कितीतरी पट डोस. औषध वजनावर असतं, त्या वजनाचं वेगळं पाकीट मिळतं, ते घ्या, आणि अगदी लहान पिल्लाला काय चालेल ते डॉक्टरांनाच विचारा. दुसरं म्हणजे आपल्या घरात सापडणारा तपकिरी गोचीड कुत्र्यावर थोडे दिवस असतो, बाकीचा काळ भिंतीच्या फटीत, चिऱ्याच्या सांध्यात, बाल्कावाच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, बसायच्या सोप्याखाली, आणि मादी हजारोंनी अंडी घालते. म्हणून नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही, फटी बुजवा, अंथरूण गरम पाण्यात धुवा. कुत्रं सुस्त झालं, ताप, खाणं बंद, नाकातून रक्त, हिरड्यांवर लाल ठिपके, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा, प्लेटलेट बघा. एर्लिकिया, म्हणजे गोचीडातून होणारा रक्ताचा आजार, निघाला तर डॉक्सीसायक्लिन साधारण 28 दिवस चालतं, आणि पाचव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं म्हणून गोळ्या बंद करणारे लोक मी मोजायचे सोडून दिलेत.

आता केस. ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून जरा लांबेल.

बीव्हरचे केस माणसाच्या केसांसारखे, रेशमी, सरळ, वाढतच राहणारे, आत लोकरीचा दाट थर नाही. फारसे गळत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं काम कमी. गळत नाहीत म्हणजे सुटलेला केस तिथेच अडकतो आणि जट होते. शेवंतीच्या पहिल्या पावसाळ्यात मी दर आठवड्याला आंघोळ घालायचे, टॉवेलने पुसायचे, पंख्याखाली सोडायचे. वरून कोरडी दिसायची. मग चवथ आली, घरात पंधरा माणसं, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट), स्वयंपाक, दहा दिवस फणी लागली नाही. अकराव्या दिवशी उचलताना ती कळवळली. काखेत, कानामागे, मांडीच्या आत, गादीसारख्या घट्ट जटा आणि आंबूस वास. डॉक्टरांनी मशीनने त्या काढल्या तर खाली कातडी लालभडक, पाणी सुटलेलं. तीन आठवडे गेले बरं व्हायला. ती मला चाटत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे आंघोळीच्या आधी फणी, नंतर नाही. जट असताना पाणी लागलं की ती आवळते, हे डोक्यात पक्कं बसवा. कोरड्या केसांवर ब्रश फिरवला तर केस तुटतात, म्हणून बाटलीत पाणी आणि कंडिशनरचे दोन थेंब, फवारा मारून थर उचलत उचलत मुळापासून विंचरायचं, आधी पिनब्रश, मग स्टीलची फणी, आणि फणी कातडीपासून टोकापर्यंत न अडकता गेली तरच झालं म्हणायचं. छोटी गाठ असेल तर कॉर्नफ्लॉवर चोळून बोटांनी सोडवते. कात्री अजिबात नको! जट ओढली की कातडी तिच्यासोबत वर येते आणि कात्री थेट कातडीवर चालते, टाके पडतात. आंघोळीनंतर ड्रायर, कोमट हवेवर, मुळं कोरडी होईपर्यंत, जून ते सप्टेंबर तर अर्धा तास लागतो आणि मी तो देते. ज्याला हा वेळ नाही त्याने केस इंचभर ठेवून कापून घ्यावेत, त्यात काही कमीपणा नाही. पण उन्हाळा आला म्हणून कातडीपर्यंत भादरू नका, पांढऱ्या भागाखालची कातडी गुलाबी असते, आपल्या उन्हात भाजते. आणि खोबरेल तेल लावायचा सल्ला देणाऱ्या सगळ्या आज्यांना माझा नमस्कार, पण नको. धूळ चिकटते, कुत्रं चाटतं, पोट बिघडतं.

बाकीच्या भराभर. गळ्यात पट्टा बांधून ओढू नका, या आकाराच्या कुत्र्यांची श्वासनळी नाजूक असते, बदकासारखा खोकला ऐकू आला तर डॉक्टर, आणि फिरायला छातीचा हार्नेसच. सोप्यावरून, पलंगावरून उडी नको, पुढच्या पायाची काडीसारखी हाडं मोडतात, गुडघ्याची वाटी सरकते. सात महिन्यांनंतर दुधाचा सुळा तसाच असेल तर काढून घ्या, आणि दात रोज घासा, आठवड्यातून एकदा घासून काही होत नाही. काळा रंग वयाबरोबर निळसर करडा होतो, तो आजार नाही. गोवा 2021 मध्ये रेबीज नियंत्रित जाहीर झाला हे आपल्या सगळ्यांसाठी चांगलंच झालं, पण म्हणून लस चुकवणारे भेटतात तेव्हा मला खरोखर राग येतो. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, लसही पावसाच्या आधी, अंगणात उंदीर फिरतात ना.

खाण्यात माशाचा काटा आणि कांद्याची आमटी नको हे बहुतेकांना माहीत असतं, मनुक्यांचं नसतं. मनुके घातलेली नेवरी (करंजी), नाताळचा केक, यातल्या मूठभर मनुक्यांनीही मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. काजूच्या दिवसात झाडाखाली आंबलेले बोंडू पडतात, त्यात दारू तयार झालेली असते, तिकडे मोकळं सोडू नका.

चवथीचे फटाके आणि दिवाळीच्या आदल्या दिवशीची नरकासुराची रात्र, या दोन्ही वेळा मी शेवंतीला आतल्या खोलीत घेऊन बसते, खिडक्या बंद, पंखा मोठा, तिची जुनी चादर. "सवय होऊ दे" म्हणून बाहेर मिरवणुकीत नेणाऱ्यांना मी तिथल्या तिथे थांबवते. तीन किलोच्या काळजाला त्या स्पीकरची सवय होत नाही, भीती मात्र दरवर्षी वाढते.

पावसात शू करायला बाहेर जात नाही म्हणून मारू नका. पोटापर्यंत गवत ओलं, कोण जाईल? आमच्याकडे बाल्कावात छपराखाली वाळूचा पसरट ट्रे आहे, तीन आठवड्यांत शिकली.

आणि लाल मातीचं सगळे विचारतात. चिखल ओला असताना घासू नका, आत मुरतो. पूर्ण वाळू द्या, ब्रशने झाडा, मग धुवा. तरीही जून ते सप्टेंबर शेवंतीचं पांढरं पोट जरा गुलाबीच दिसतं, आणि ब्लीच असलेला शाम्पू वापरण्यापेक्षा ते मला चालतं.