नोकरीत गॅप आहे? अर्ज करताना या चुका टाळा

नोकरीत वर्ष-दीड वर्षाचा खंड पडला की बहुतेकांच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो: हा बायोडेटात दिसणार नाही असं काय करता येईल? घोडं इथेच पेंड खातं. भरतीच्या कामात मी जे पाहतो, त्यात नुसता गॅप आहे म्हणून नकार फार थोड्यांना मिळतो. हातात आलेली ऑफर निसटते ती बहुधा तारखा न जुळल्यामुळे.

महिने गाळून नुसती वर्षं लिहिणं

‘२०१९-२०२१’ आणि खाली ‘२०२१-२०२३’ असं लिहिलं की मधले दहा-अकरा महिने गायब. बायोडेटा चाळणारा फसेलही. पण ऑफरच्या सुमारास बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा फॉर्म येतो, तिथे रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिवसासकट भरावी लागते. ती जुन्या कंपनीच्या एचआरकडे पडताळली जाते. यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) दिलेला असेल तर कोणत्या महिन्यात कोणत्या कंपनीने पीएफ भरला, हे पासबुकात ओळीने दिसतं. त्यामुळे अनुभव दोन-चार महिने ओढून लावू नका. अनुभवाची बनावट पत्रं विकणारेही भेटतात. त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. रुजू झाल्यावर उघडकीला आलं तरी नोकरी जाते, आणि पुढच्या मुलाखतीत गॅपसोबत तेही सांगत बसावं लागतं.

पीएफची नोंद न तपासणं

ही चूक प्रामाणिक माणसालाही भोवते. जुन्या कंपनीने तुमची सोडल्याची तारीख भरलीच नसेल, तर कागदोपत्री तुम्ही अजून तिथेच आहात. नवीन नोकरी लागली की दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू दिसतात आणि खुलासे सुरू होतात. अर्ज करायच्या आधीच ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पोर्टलवर ‘सर्व्हिस हिस्टरी’ बघा. तारीख कोरी असेल तर कंपनीला मेल करा. कंपनी दाद देत नसेल तर ‘मॅनेज’मधल्या ‘मार्क एक्झिट’वर जाऊन आधारच्या ओटीपीने ती स्वतः भरता येते; मात्र शेवटचा पीएफ जमा होऊन दोन महिने उलटलेले हवेत. रिलिव्हिंग लेटरवरची (नोकरीतून मोकळं केल्याच्या पत्रावरची) तारीखच टाका, अंदाजे नको. नंतर बदलायला फार त्रास होतो.

रिलिव्हिंग लेटरच मिळालं नाही, किंवा कंपनीच बंद पडली? पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट काढून ठेवा, आणि एचआरने विचारायच्या आत तुम्हीच सांगा.

फ्रीलान्सिंगचं पांघरूण

खरंच कामं केली असतील तर जरूर लिहा. नसतील तर ‘कोणासाठी केलं? बिलं आहेत का?’ या दोन प्रश्नांत सगळं उघडं पडतं. मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात जीएसटीचे हिशेब बघितले असतील तर तसंच लिहा. अकाउंट्सच्या जागेसाठी ते उगाच लपवण्यासारखं नाही.

स्पर्धा परीक्षेची वर्षं ‘वाया गेली’ म्हणणं

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून बाहेर पडून खासगी नोकरी शोधणारी मुलं मान खाली घालून बोलतात. गरज नाही. पूर्व निघाली असेल, मुख्य दिली असेल, तर तेवढं एका ओळीत लिहा. समोरच्याला खरी धास्ती वेगळीच असते: पुढची जाहिरात आली की हा राजीनामा देणार का? राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ वर्षं आहे, हे त्यालाही माहीत असतं. तेव्हा परीक्षा सोडली असेल तर तसं आपणहून, स्पष्ट सांगा. सोडली नसेल तर मात्र खोटं बोलू नका.

रामायण सांगत बसणं

आजारपण, बाळंतपण, नोकरकपात, आईवडिलांची सेवा. कारण कुठलंही असो, बायोडेटात एक ओळ पुरते:

‘जून २०२२ ते ऑगस्ट २०२३: वडिलांच्या आजारपणामुळे घरी. आता पूर्णवेळ उपलब्ध. या काळात अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेलचा कोर्स पूर्ण.’

कोर्स केला नसेल तर ते शेवटचं वाक्य काढून टाका, बिघडत नाही. मुलाखतीतही उत्तर अर्ध्या मिनिटात संपवा आणि कामावर या. रोगाचं नाव, हॉस्पिटलचा खर्च, जुन्या साहेबाचा स्वभाव यातलं काहीही नको. बायकांना ‘मुलांना कोण सांभाळतं?’ असं हमखास विचारतात (पुरुषांना कोणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही). ‘घरी सोय झाली आहे, कामाच्या वेळेची अडचण येणार नाही’ एवढंच म्हणा आणि थांबा. सासूबाईंचं वेळापत्रक सांगायची गरज नाही.

‘काहीही द्या, चालेल’

पगाराच्या बोलण्यात हे वाक्य नकोच. गॅपमुळे थोडं कमी घ्यावं लागेल, हे धरून चाला. पण खालचा आकडा घरूनच ठरवून जा. शेवटचा पगार मात्र खरा सांगा, कारण त्याची स्लिप मागणार आहेत.