गोव्यात कुंडीतली बेगोनिया: कुठे ठेवावी, कशात लावावी आणि पावसात कशी जगवावी

बेगोनियाविषयी वाचायला घेतलं की पहिला सल्ला हमखास भेटतो: कुंडीखाली पाण्याची बशी ठेवा, पानांवर फवारा मारा, खोलीतला ओलावा वाढवा. हा सल्ला थंडीत हीटर लावून बसणाऱ्या देशांतला आहे. आपल्याकडे जून लागला की कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी येते आणि दोरीवरचे कपडे दुसऱ्या दिवशीही दमटच असतात. ओलावा गोव्यात आयता आहे. आपण बेगोनियाला पुरवायचा तो वारा आणि निचरा. पुढे जे सांगितलंय ते सगळं या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

तिला नेमकं काय मानवतं ते बघायचं तर पावसाळ्यात आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या घाटात जावं. ओल्या कातळावर, शेवाळात रुतलेली, फिकट गुलाबी फुलांची एक इवलीशी रानबेगोनिया तिथे दिसते. तिचं शास्त्रीय नाव बेगोनिया क्रेनाटा. मुळांखाली माती जेमतेम बोटभर. वरून पाणी सारखं झिरपत असतं, पण थांबत नाही, पुढे निघून जातं. पाऊस सरला की झाड वाळून दिसेनासं होतं आणि कातळाच्या फटीत उरलेला कंद पुढच्या पावसाची वाट बघतो. हे रोप उपटून घरी आणू नका. तो कातळ मात्र नीट बघून या, कुंडीत आपल्याला त्याचीच नक्कल करायची आहे.

आधी जात ठरवा

बेगोनियाच्या रानटी जातीच दोन हजारांच्या वर आहेत, संकरित तर मोजायच्या पलीकडे. गोव्यातल्या घरासाठी त्यांचे तीन गट लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिल्यांदाच लावणार असाल तर मेणासारख्या चकचकीत, गोल पानांची छोटी बेगोनिया घ्या. नर्सरीत ती वॅक्स बेगोनिया म्हणून मिळते. उंची वीतभर ते दीड वीत. पांढरी, गुलाबी, लाल फुलं जवळजवळ बारमाही. तांबूस पानांची असेल तर थोडं जास्त ऊनही सोसते.

दुसरा गट उभ्या, पेरं असलेल्या खोडाचा, पंखांच्या आकाराच्या पानांचा. काहींच्या पानांवर पांढरे ठिपके असतात. माझं मत विचाराल तर गोव्याच्या हवेत सगळ्यांत भरवशाची हीच. दोन-तीन फूट सहज वाढते, फुलांचे घोस खाली लोंबतात आणि एखादी फांदी कुजली तरी बाकीचं झाड तगून राहतं.

तिसरा गट रंगीत पानांच्या रेक्स बेगोनियांचा. या ज्या जातीपासून निघाल्या ती मूळची आपल्याच ईशान्य भारतातली. दिसायला देखण्या, स्वभावाने नाजूक. मागच्या दोन गटांतली एखादी तुमच्याकडे एक अख्खा पावसाळा काढून दाखवू दे, मग हिच्याकडे वळा.

नाताळच्या सुमाराला दुकानांत गुलाबासारख्या भरगच्च फुलांच्या बेगोनिया येतात. त्या थंड हवेच्या. घराच्या सजावटीसाठी जरूर घ्या, पण एप्रिलपर्यंत टिकतील या आशेवर घेऊ नका. कंदाची मोठ्या फुलांची बेगोनिया उटी-दार्जिलिंगला शोभते, पणजी-मडगावच्या गॅलरीत तिच्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

रोप घेताना

फुलांकडे बघून रोप उचलू नका. पानं हलकेच बाजूला करा आणि खोड मातीतून जिथे वर येतं तिथे बघा. तिथे काळपट, पाणचट डाग असेल तर रोप कितीही फुललेलं असो, परत ठेवा. पानांच्या खालच्या बाजूला, देठाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. तो घरी नेला की शेजारच्या जास्वंदीवरही चढणार.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कधी रोपंही दिसतात. पॉलीहाऊसमधल्या लाडावलेल्या रोपापेक्षा कुणाच्या अंगणात वाढलेल्या झाडाची फांदी केव्हाही बरी, ती इथला पाऊस पाहिलेली असते. नर्सरीचं रोप आणलंच तर आठ-दहा दिवस सावलीत आहे त्या पिशवीत राहू दे. इथल्या हवेला सरावलं की मग कुंडी बदला.

जागा

पूर्वेकडचा बलकांव, म्हणजे घरापुढचा छपराखालचा ओटा, ही बेगोनियाची हक्काची जागा. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन आणि नंतर दिवसभर लख्ख उजेड, पण सावली. फ्लॅटची गॅलरी पश्चिमेला असेल तर दुपारचं ऊन अडवायला ५० ते ७५ टक्क्यांची हिरवी जाळी बांधा. गावात घर असेल तर माडाची चार चुडतं टेकवली तरी काम भागतं. मिरामार, कळंगुटसारख्या भागात अगदी समुद्रासमोर राहत असाल तर खारा वारा थेट लागणार नाही अशा कोपऱ्यात कुंड्या ठेवा, नाहीतर पानांच्या कडा करपतात.

जागा चुकली की झाडच सांगतं. पानं फिकट, करपलेली दिसली तर ऊन जास्त झालं. पेरापेरांतलं अंतर वाढलं, खोड उजेडाकडे वाकलं आणि फुलं थांबली तर उजेड कमी. दोन कुंड्या एकमेकींना खेटून ठेवू नका, मधून हात फिरला पाहिजे.

कुंडी आणि माती

बेगोनियाची मुळं बारीक आणि वरवरची असतात. खोल कुंडीत खालची माती वापरलीच जात नाही, नुसती ओली राहते. म्हणून सहा ते आठ इंचांची, पसरट, मातीची कुंडी घ्या. डिचोलीच्या कुंभारांच्या साध्या, रंग न दिलेल्या कुंड्या उत्तम, त्या अंगातून पाणी बाहेर टाकतात. तळाला एकच भोक असेल तर आणखी दोन पाडून घ्या.

कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर घालायची आपल्याकडे जुनी सवय आहे. बेगोनियासाठी ती मोडा. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खडीत लगेच उतरत नाही. वरची माती पुरती भिजेपर्यंत ते तिथेच अडकून राहतं. म्हणजे निचरा वाढायचा राहतो बाजूला आणि चिखलाचा पट्टा मात्र मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरीचा तुकडा किंवा जाळीचा चौकोन बसवला की झालं.

अंगणातली तांबडी माती एकटी वापरू नका, दोन पावसांत ती चिऱ्यासारखी घट्ट बसते. मिश्रण असं करा: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), एक भाग गांडूळखत किंवा नीट कुजलेला पालापाचोळा, एक भाग परलाइट (माती मोकळी ठेवणारे पांढरे, हलके खनिज दाणे). परलाइट नसेल तर जाडी नदीची वाळू किंवा भाताचा जळका तूस चालेल. समुद्राची वाळू चुकूनही नको, आणि कोकोपीटमध्येही मीठ असू शकतं म्हणून ते दोन-तीन पाण्यांत धुऊन पिळून घ्या. कुंडीमागे चमचाभर निंबोळी पेंड मिसळा. तयार मिश्रण ओलं करून मुठीत दाबून बघा. मूठ उघडल्यावर लाडवासारखा गोळा तसाच राहिला तर वाळू वाढवा, हलकेच फुटला तर जमलं.

लावणी

रोप पिशवीत जितक्या खोल होतं तितकंच कुंडीत बसवा. खोड बोटभरही जास्त खाली गेलं तर तिथूनच कुजायला सुरुवात होते. माती थापून दाबू नका. कुंडी दोनदा जमिनीवर आपटली की माती आपोआप बसते. वर एक इंच जागा मोकळी ठेवा, भोकातून बाहेर येईपर्यंत पाणी घाला आणि आठवडाभर सावलीत ठेवा. रोप वाढल्यावरही कुंडी एकाच मापाने मोठी करायची, सहावरून थेट बारा इंचांवर नाही.

पाणी

इथे घाई नको, कारण बहुतेक बेगोनिया तहानेने मरत नाहीत, पाण्याने मरतात. फसगत अशी होते: मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीतलं झाडही मान टाकतं. बघणाऱ्याला वाटतं तहानलंय. तो आणखी तांब्याभर ओततो. तेव्हा मान टाकलेलं झाड दिसलं की आधी मातीत बोट घाला. पहिल्या पेरापर्यंत कोरडं लागलं तर पाणी द्या. ओलं लागलं तर पाणी बंद, कुंडी वाऱ्याला.

पाणी सकाळी, मातीवर, झारीच्या तोंडाने. पानांवर नको. मार्च ते मे बहुधा दिवसाआड लागतं, थंडीत आठवड्यातून दोनदा पुरतं. पण वाराचा हिशेब ठेवण्यापेक्षा कुंडी उचलून बघायची सवय चांगली. ओल्या आणि सुक्या कुंडीच्या वजनातला फरक हाताला चटकन कळायला लागतो. कुंडीखाली ताटली असेल तर साचलेलं पाणी लगेच ओता. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होत असेल तर त्या दिवसांत नळाचं वापरा.

खत आणि छाटणी

ऑक्टोबर ते मार्च हे गोव्यातले वाढीचे दिवस. पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं), लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, ओल्या मातीत. भर पावसात खत नाही. शेंडा खुडला की वॅक्स बेगोनिया भरते. उंच जातीच्या जुन्या काठ्या पाऊस ओसरल्यावर दोन-तीन पेरं ठेवून कापा, बुडातून नव्या येतात.

फुलांचं एक सांगायला हवं. एकाच झाडावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. फुलाच्या पाठीमागे तीन पाती असलेला छोटा हिरवट-गुलाबी फुगवटा दिसला तर ते मादी फूल. नर फुलं लवकर गळतात, त्यामुळे ताजी फुलं खाली पडलेली बघून घाबरायचं कारण नाही. मात्र ती खालच्या पानावर पडून राहू देऊ नका. दमट दिवसांत ओली पाकळी पानाला चिकटते, आणि दोन दिवसांनी ती उचलली तर खाली तिच्याच आकाराचा तपकिरी डाग उमटलेला असतो. तिथून बुरशी पसरते. रोज येता-जाता पडलेली फुलं वेचणं हे कुठल्याही औषधापेक्षा जास्त उपयोगी.

जून ते सप्टेंबर

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. उघड्यावरची बेगोनिया यात टिकत नाही, मग माती कितीही चांगली असो. घरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, तयारी चालते त्याच दिवसांत झाडांचीही करून टाका: पिवळी पानं काढा, दाटी विरळ करा, थोडं सुकं मिश्रण डब्यात भरून ठेवा आणि प्रत्येक जातीच्या दोन-दोन फांद्या वेगळ्या लावून ठेवा. पहिल्या मोठ्या सरीआधी कुंड्या छपराखाली घ्या, पागोळी आणि वाऱ्याची झड पोचणार नाही इतक्या आत. त्या थेट फरशीवर न ठेवता विटांच्या तुकड्यांवर ठेवा. पाणी आठवड्यातून एकदा, कधी तेही लागत नाही. फ्लॅटच्या बंद गॅलरीत वारा खेळत नसेल तर दिवसा तासभर पंखा लावणं हा अतिरेक नाही.

चवथीला गावी जाताना शेजाऱ्यांना पाणी घालायला सांगून जाऊ नका. प्रेमाने घातलेलं पाणीच घात करतं. सावलीतल्या कुंड्या त्या हवेत आठवडाभर सहज राहतात.

या दिवसांतला दुसरा शत्रू गोगलगाय. रात्री टॉर्च घेऊन वेचायची, दुसरा खात्रीचा उपाय नाही. कुंडीजवळ मीठ टाकू नका, ते मातीत उतरतं.

रोग आणि कीड

खोड बुडाशी मऊ पडलं तर औषध शोधत बसू नका, वरची निरोगी फांदी कापून नवी लावा. डिसेंबर-जानेवारीत पानांवर पिठासारखा थर आला तर ती भुरी. ती पानं काढा, बाकीच्यांवर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी फवारा. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसून काढावा. त्यानंतर कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, साबणाचे दोन थेंब घालून, आधी एकाच पानावर मारून बघा. तेल आणि गंधक यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं भाजतात. घरात कुत्रं-मांजर असेल तर कुंडी उंचावर हवी, झाडातल्या ऑक्झॅलेट या द्रव्यामुळे ते चघळल्यास त्यांना त्रास होतो.

नवी रोपं

उंच आणि वॅक्स जातींची चार बोटं लांब, फूल नसलेली फांदी पेराखाली कापा. खालची पानं काढा, तासभर सावलीत सुकू द्या आणि ओलसर कोकोपीट-वाळूत खोचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. रेक्सचं नुसतं पान पुरतं: प्रत्येक तुकड्यात एक जाड शीर येईल असे पाचरीसारखे तुकडे करून टोकाकडून अर्धे मातीत रोवा. महिना-दीड महिन्यात बुडाशी नखाएवढी पानं दिसतात. या कामाला ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबर उत्तम. पावसाळ्यात करावं लागलं तर वरून प्लास्टिकची पिशवी झाकू नका. जगभर तसं करायला सांगतात, पण आपल्या हवेत तुकडा मूळ धरायच्या आत कुजतो.