पुण्याहून काईटसर्फिंग शिकायला जाताय? बुकिंगआधी हे बघा

काईटसर्फिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काईटच्या) ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून सरकणं. पहिल्यांदा शिकताय तर प्रायव्हेट लेसनच घ्या, पैसे जास्त जातात पण ग्रुपमधे बऱ्याचदा एक काईट आळीपाळीने मिळते आणि निम्मा वेळ वाळूत बसून दुसऱ्याचं बघण्यात जातो. गोव्यात मोरजीमला जायचं तर जानेवारी ते एप्रिल बघा, तिथे वारा दुपारनंतर धरतो त्यामुळे सकाळचा स्लॉट देत असतील तर सरळ नको म्हणा. रामेश्वरम पुण्याहून लांब पडतं पण तिथलं पाणी सपाट आणि उथळ, नवशिक्यांसाठी मला तीच जागा जास्त आवडते.

आणि बीच शांत आहे म्हणजे सेफ आहे असं अजिबात नाही, गर्दी नसते तसा मदतीला धावणाराही कोणी नसतो. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल आणि रेस्क्यू बोट नसेल तर पाण्यात उतरूच नका, प्लीज. कडेने वाहणारा किंवा तिरका किनाऱ्याकडे येणारा, 12 ते 18 नॉट्स म्हणजे ताशी साधारण 22 ते 33 किमी वारा शिकायला बरा.

सगळ्यात महत्त्वाचं क्विक रिलीज. हार्नेसच्या (काईट अडकवायला अंगावर बांधतात तो पट्टा) हुकापाशी बहुतेक वेळा लाल रंगाची पकड असते, ती पुढे ढकलली की काईटची ओढ जाते. डोळे मिटून हात बरोबर तिथे जाईपर्यंत वाळूवरच सराव करून घ्या, इन्स्ट्रक्टर घाई करत असेल तरी. बोर्ड लगेच मिळत नाही, आधी नुसत्या काईटने पाण्यातून ओढत नेतात, त्याला कंटाळू नका.